वरची वयोमर्यादा : वैद्यकीय संशोधनातील वृद्धांचे अल्प प्रतिनिधित्व आणि मराठवाडा

प्रस्तावना

भारतात होणाऱ्या औषधचाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या राष्ट्रीय नोंदवहीत केली जाते. ही नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी बंधनकारक झाली. नोंदीच्या नमुन्यात सहभागी व्यक्तींच्या वयासाठी दोन रकाने आहेत. किती वर्षांपासून, आणि किती वर्षांपर्यंत. पहिल्या रकान्यात बहुधा १८ हा आकडा असतो. त्यामागे कायदा आहे; अठरा वर्षांखालील व्यक्ती स्वतःच्या नावाने संमती देऊ शकत नाही. दुसऱ्या रकान्यात ६०, ६५, ७० असे आकडे वारंवार आढळतात. त्यांच्यामागे असा कोणताही कायदा नाही. बहुतेक वेळा कारणही दिलेले नसते. आधीच्या कोणा संशोधकाने तो आकडा लिहिला, म्हणून पुढच्यानेही लिहिला, एवढीच त्याची परंपरा.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या रकान्याचा विचार केला आहे. वृद्धांना संशोधनातून वगळण्याचे समर्थन सामान्यतः त्यांच्या संरक्षणाच्या भाषेत केले जाते. वय झालेले शरीर नाजूक असते, त्यावर प्रयोग नको, असा तो युक्तिवाद. तो वरवर सहृदय वाटतो. परंतु चाचणीतून वगळलेली व्यक्ती औषधातून वगळली जात नाही. चाचणी पासष्टीला संपते आणि औषध पंचाहत्तरीलाही दिले जाते. म्हणजे प्रयोग होतोच. फरक इतकाच की त्याची नोंद कोणी ठेवत नाही आणि काही विपरीत घडले तर त्याला ‘वय झाले होते’ हे उत्तर तयार असते.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या, त्यातही मराठवाड्याच्या भूमीवर तपासून पाहणे आवश्यक आहे. वैद्यकीय संशोधन म्हणजे मुंबई-पुण्यात किंवा परदेशात होणारी गोष्ट, असा समज परभणी जिल्ह्यात, सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी असणे स्वाभाविक आहे. तो पूर्णतः खरा नाही.

वृद्ध कोणाला म्हणावे?

सरकारी व्याख्येनुसार साठ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक होय. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अशा व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे ८.६ टक्के होती. त्यानंतर हा हिस्सा वाढलाच आहे. तथापि साठीची शिक्षिका आणि ऐंशीची शेतमजूर स्त्री यांना एकाच गटात घालणे वैद्यकीय दृष्ट्या फारसे उपयोगाचे नाही. एस.टी. महामंडळालाही हा भेद कळतो. २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या प्रवाशांना विनामूल्य प्रवासाची सवलत देताना त्याने ज्येष्ठांतील अतिज्येष्ठ वेगळे काढले. अनेक संशोधन-अहवालांत मात्र ‘६० व त्यावरील’ असा एकच रकाना असतो आणि त्यात बहुसंख्या साठ ते सत्तर वयाच्या व्यक्तींची असते.

वय ही बाब कागदावर जितकी निश्चित दिसते तितकी ती गावात निश्चित नसते. मराठवाड्यातील वयोवृद्ध स्त्रीला वय विचारले असता उत्तर आकड्यात येत नाही. रझाकारांच्या धामधुमीत पाळण्यात होते, किंवा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले तेव्हा पदरात दोन लेकरे होती, अशा प्रकारचे ते उत्तर असते. १७ सप्टेंबर १९४८ ही मराठवाडा मुक्तीची तारीख, १९७२ चा दुष्काळ, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप या खुणांवरून वय काढावे लागते. सर्वेक्षण करणारे ‘घटनांचे कॅलेंडर’ म्हणून हीच पद्धत वापरतात, आणि ती चांगली पद्धत आहे. याउलट आधार कार्डावर मात्र असंख्य वृद्धांची जन्मतारीख १ जानेवारी असते. पात्रतेचा निकष ‘६५ वर्षांपर्यंत’ असा असेल तर तो प्रत्यक्षात शरीराला लावला जात नसून कार्डावरील अंदाजाला लावला जातो, ही बाब संशोधन-पद्धतीच्या पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

शेजारच्या जिल्ह्यातील चाचणी

सोनपेठहून परळी, अंबाजोगाई, केज अशी वाट धरली की मांजरा ओलांडून कळंब लागते. तेथून तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा सुरू होतो. याच जिल्ह्यात १९९९ मध्ये एका मोठ्या संशोधनास प्रारंभ झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ते हाती घेतले होते. ४९७ गावांतील १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची ५२ समूहांत विभागणी करून चार गट पाडण्यात आले. एका गटाची मानवी पॅपिलोमा विषाणूसाठी चाचणी झाली, दुसऱ्याची पेशीतपासणी, तिसऱ्याची गर्भाशयमुखास अ‍ॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटास नेहमीच्याच आरोग्यसेवेवर ठेवण्यात आले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूचाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. जगभरातील तपासणीविषयक धोरणांच्या चर्चेत या अभ्यासाचा आधार घेतला गेला. मराठवाड्यातील बायकांच्या सहभागातून जगाला मिळालेले हे ज्ञान होय, आणि त्याचा अभिमान या प्रदेशात जितका असावयास हवा तितका तो आढळत नाही.

या अभ्यासावर चौथ्या गटाच्या संदर्भात नैतिक स्वरूपाची टीका पुष्कळ झाली. तपासणीची साधने उपलब्ध असताना हजारो स्त्रियांना त्यांपासून दूर ठेवणे योग्य होते काय, हा तो प्रश्न. तो महत्त्वाचा आहे. परंतु आणखी एका गटाविषयी फारसे कोणी बोलले नाही, कारण तो गट अभ्यासात नव्हताच. सहभागासाठी वयाची अट ३० ते ५९ वर्षे अशी होती. त्याच ४९७ गावांत, त्याच घरांत, सुनेची तपासणी होत असताना साठीची सासू ओसरीवर बसून होती. हा पाचवा गट. त्याला ना तपासणी मिळाली, ना ‘नियंत्रण गट’ म्हणून गणना.

न्यायाने पाहता या मर्यादेस कारणे होती, हे मान्य केले पाहिजे. पाळी गेल्यानंतर गर्भाशयमुखावरील ज्या भागात हा रोग सुरू होतो तो भाग आत सरकतो आणि डोळ्यांनी केल्या जाणाऱ्या तपासणीत दिसेनासा होतो. शिवाय एकदाच तपासणी करावयाची तर ती तरुण आणि मध्यम वयात केल्यास वाचणारी वर्षे अधिक असतात. साधने मर्यादित असताना असा हिशेब कोणालाही करावा लागतो. पण ज्या तपासणीने मृत्यू निम्मे केले ती विषाणूचाचणी डोळ्यांवर अवलंबून नाही. वरच्या मर्यादेचे सर्वांत भक्कम कारण सर्वांत उपयोगी ठरलेल्या पद्धतीला तितकेसे लागू पडत नाही.

खरी अडचण पुढे आहे. संशोधनातील वयोमर्यादा संशोधनातच राहत नाही, ती धोरणात उतरते. २०१६ मध्ये केंद्र शासनाने असंसर्गजन्य आजारांच्या लोकसंख्याधारित तपासणीची कार्यपद्धती ठरविली, तेव्हा तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी वयोगट ३० ते ६५ असा निश्चित केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात तपासणी थांबविण्यासाठी पन्नाशीनंतरची अट आहे, परंतु ती नियमित अंतराने लागोपाठ दोन तपासण्या निर्दोष आल्यानंतर. कधीच तपासणी न झालेल्या ५० ते ६५ वयाच्या स्त्रियांकडे साधने असतील तेथे प्राधान्याने पाहावे, असेही त्यात म्हटले आहे. आपल्याकडे पहिलीच तपासणी झालेली नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात दोन टक्क्यांच्याही आत होते. हा आकडा ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांचा आहे. त्यापुढील स्त्रियांविषयीचा आकडा त्या पत्रकात नाही.

मुंबईतील एक अभ्यास येथे तुलनेसाठी घेणे उपयुक्त ठरेल. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांमध्ये, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीचा परिणाम वीस वर्षे अभ्यासला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हती. पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांचा स्वतंत्र विचार केला तेव्हा मात्र मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी आढळले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही. हे विश्लेषण मागाहून केलेले असल्यामुळे त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. तरीसुद्धा या चाचणीची वयोमर्यादा पन्नासला थांबली असती तर एका स्वस्त व सोप्या तपासणीचा काही उपयोग नाही, असाच निर्वाळा मिळाला असता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मोजणीच्या पट्टीबाहेर

चाचण्यांप्रमाणेच सर्वेक्षणांनाही वरची कड असते. वर उल्लेखिलेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली होते. जिल्हा पातळीवरील आरोग्याचे चित्र पाहावयाचे तर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सर्वांची भिस्त तिच्यावर असते. मुळात ही पाहणी प्रजनन आणि बालआरोग्य यांसाठी आखलेली असल्यामुळे स्त्रियांसाठी १५ ते ४९ आणि पुरुषांसाठी १५ ते ५४ हे वयोगट तिने स्वीकारले. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत रक्तदाब आणि रक्तशर्करा मोजण्यास प्रारंभ झाला, तोही याच वयोगटांत. ज्या आजारांचे माप वयाबरोबर वाढत जाते त्यांचे माप वय वाढण्यापूर्वीच घेणे थांबविले गेले. पाचव्या फेरीत ही चूक सुधारली आणि १५ वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब व शर्करा मोजण्यात आली. परभणी जिल्ह्याच्या माहितीपत्रकात तेथील वृद्ध प्रथमच उमटले ते अशा रीतीने. पट्टीचे टोक थोडे पुढे सरकविल्यामुळे.

रक्तक्षयाबाबत मात्र जुनीच पट्टी राहिली. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन त्या पाहणीत तपासले गेले नाही. तिला आता मूल होणार नाही, म्हणून तिच्या रक्ताची चौकशी नाही, असा याचा अर्थ कोणी लावला तर तो कठोर असला तरी निराधार म्हणता येणार नाही. शेतावर निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या साठीच्या बाईस दम का लागतो, हा प्रश्न तिच्या नातवाच्या जन्मवजनापेक्षा गौण ठरलेला आहे.

याला उतारा म्हणून त्याच संस्थेने केलेल्या भारतीय दीर्घकालीन वृद्धत्व अभ्यासाचा, म्हणजे ‘लासी’चा उल्लेख करावयास हवा. २०१७-१८ मधील पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील ७२,२५० व्यक्ती घेण्यात आल्या. त्यांपैकी ३१,४६४ साठी ओलांडलेल्या होत्या, आणि वरची मर्यादा नव्हती. साठीपुढील सुमारे ७५ टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार असल्याचे त्यातून पुढे आले. ज्यांच्यापैकी तीन चतुर्थांशांना दीर्घकालीन औषधोपचाराची गरज भासू शकते त्यांनाच औषधाच्या चाचणीत सर्वांत कमी स्थान, हा विरोधाभास या आकड्याने उघड केला. पण लासी हा पाहणीचा प्रकल्प आहे. कोणत्या गोळीने गुण येतो आणि किती मात्रेत, हे त्यातून कळण्याचा प्रश्नच नाही.

मात्रेचा प्रश्न

वय वाढले की शरीरात काय बदलते, याचे सर्वांत सोपे उदाहरण मूत्रपिंडाचे आहे. डॉक्टर रक्तातील क्रिएटिनिन पाहतात. हे द्रव्य स्नायूंपासून तयार होते. म्हाताऱ्या माणसाचे स्नायू झिजलेले असल्याने ते मुळातच कमी तयार होते आणि तपासणीचा आकडा ठीक दिसतो. १९७६ मध्ये कॉक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी वय आणि वजन हिशेबात घेणारे सूत्र मांडले. ते आजही औषधाची मात्रा ठरविताना वापरले जाते. क्रिएटिनिन १ असलेला तीस वर्षांचा, साठ किलो वजनाचा पुरुष घेतला तर या सूत्रानुसार त्याच्या मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ९२ मिलिलिटर येते. तोच १ हा आकडा पंचाहत्तर वर्षांच्या, चाळीस किलो वजनाच्या स्त्रीचा असेल तर क्षमता निघते सुमारे ३१. प्रयोगशाळेच्या कागदावर दोघांचेही क्रिएटिनिन ‘नॉर्मल’. मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारे औषध दोघांना एकाच मात्रेत दिले तर दुसरीच्या शरीरात ते साचत जाईल. गंमत अशी की खुद्द हे सूत्र २४९ व्यक्तींवरून बांधलेले आहे आणि त्यांत जवळपास सर्व पुरुष होते. स्त्रियांसाठी पंधरा टक्के कमी धरावेत, असा अंदाज जोडण्यात आला. चाळीस किलोच्या वृद्ध स्त्रिया मराठवाड्यातील खेड्यांत अपवाद नाहीत. त्या सूत्राच्या पायात मात्र त्या नाहीत.

अशा दुर्लक्षाची किंमत जगाने मोजलेली आहे. बेनॉक्साप्रोफेन हे सांधेदुखीवरील औषध ब्रिटनमध्ये ‘ओप्रेन’ या नावाने विकले जात होते. सांधेदुखी हा प्राधान्याने म्हाताऱ्यांचा विकार. औषधाचे मुख्य गिऱ्हाईकही तेच. वृद्ध शरीरातून हे औषध फार सावकाश बाहेर पडते, हे पुरेसे उमगण्यापूर्वीच ते नेहमीच्या मात्रेत सर्वत्र दिले गेले. यकृत व मूत्रपिंड निकामी होऊन वृद्ध दगावल्याच्या नोंदी येऊ लागल्या आणि ऑगस्ट १९८२ मध्ये औषध मागे घ्यावे लागले. पुढे १९९३ मध्ये औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने वृद्धांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन तयार केले, त्याच्या पार्श्वभूमीत असे अनुभव होते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यातील औषध वाईट नव्हते. १९९९ मध्ये ‘राल्स’ या चाचणीने दाखवून दिले की तीव्र हृदयविकारात स्पायरोनोलॅक्टोनमुळे मृत्यू लक्षणीय घटतात. चाचणीतील रुग्णांचे सरासरी वय ६५ होते. मूत्रपिंड बिघडलेल्यांना वगळले होते आणि रक्तातील पोटॅशियमवर बारकाईने लक्ष होते. निष्कर्ष छापून येताच कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात हे औषध लिहून देण्याचे प्रमाण झपाट्याने वाढले. घेणारे मात्र चाचणीतील रुग्णांहून बरेच वृद्ध होते. २००४ मधील अभ्यासानुसार तेथील संबंधित वृद्ध रुग्णांत पोटॅशियम वाढून रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये ११ झाले. त्या कारणाने होणारे मृत्यू हजारी ०.३ वरून २ वर गेले. ऑन्टारिओत निदान हा हिशेब लागू शकला, कारण तेथे प्रत्येक वृद्धाच्या औषधाची आणि दाखल होण्याची सरकारी नोंद असते. सोनपेठच्या औषधदुकानातून चिठ्ठीवर, कित्येकदा जुन्याच चिठ्ठीवर, नेलेल्या गोळीचा असा माग कोठेही लागत नाही.

या दोन्ही उदाहरणांतून कोणी असा निष्कर्ष काढील की वृद्धांना नवी औषधे देऊच नयेत. तो तितकाच चुकीचा ठरेल. ऐंशीनंतर रक्तदाब उतरवावा की नाही, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णीत होता. पक्षाघात टळतील परंतु मृत्यू वाढतील, अशी शंका आधीच्या एकत्रित विश्लेषणांतून आली होती आणि कित्येक डॉक्टर अशा रुग्णांना औषध देण्याचे टाळत. ‘हायव्हेट’ या चाचणीत फक्त ऐंशी व त्यापुढील ३,८४५ रुग्ण घेतले. औषध घेणाऱ्यांत एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले आणि ही चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे त्यापूर्वीची कित्येक वर्षे, काळजीपोटी, ऐंशीच्या रुग्णांस उपयोगी औषध नाकारले जात होते. वगळण्याने अपाय दोन्ही बाजूंनी होतो.

आणि तरी हायव्हेटचा आधार आपल्याकडे जसाच्या तसा घेता येत नाही. तिचे रुग्ण मुख्यतः युरोप आणि चीनमधील होते. भारत त्यात नव्हता. औषध इंडापामाइड, गरजेनुसार जोडीला पेरिंडोप्रिल. आपल्या सरकारी उपचारक्रमात सुरुवात बहुधा अ‍ॅम्लोडिपिनने होते, मग रुग्ण चाळीस वर्षांचा असो वा ब्याऐंशीचा. अ‍ॅम्लोडिपिन परिणामकारक आहे, स्वस्त आहे, आरोग्य केंद्रात मिळते. तो निर्णय गैर नाही. परंतु उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्या, उठताना चक्कर येणाऱ्या वृद्धास ती कितपत मानवते, पडून खुबा मोडण्याचे प्रमाण वाढते काय, हे तपासण्यासाठी मराठवाड्याइतके योग्य स्थळ दुसरे नसेल.

कोविडच्या साथीत हीच गोष्ट घाईत घडली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केलेल्या विषाणूवरून तयार झालेल्या कोवॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे २५,८०० व्यक्ती होत्या आणि त्यांत साठीपुढील साधारण दहा-अकरा टक्के. साठीच्या आत परिणामकारकता ७९.४ टक्के आढळली. साठीपुढे ६७.८ टक्के, पण तिची संभाव्य कक्षा ८ पासून ९० पर्यंत पसरलेली. इतकी रुंद कक्षा म्हणजे जवळपास ‘सांगता येत नाही’ असेच म्हणणे होय. हे आकडे सविस्तर प्रसिद्ध झाले नोव्हेंबर २०२१ मध्ये; साठीपुढील नागरिकांचे लसीकरण १ मार्च २०२१ पासून सुरू झालेले होते. ज्या रोगाने सर्वाधिक बळी वृद्धांचे घेतले त्याच्या लसीबाबत ही स्थिती. जर्मनीतही जानेवारी २०२१ मध्ये पासष्टीपुढील पुरेशी माहिती नाही, म्हणून अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस त्या वयाला देऊ नये अशी शिफारस झाली आणि मार्चमध्ये ती बदलावी लागली. यात लसीचा दोष नव्हता.

नियम आणि उंबरठा

भारतीय नियमांत वृद्धांचा विसर पडलेला आहे, असे म्हणता येणार नाही. २००५ मध्ये सुधारलेल्या ‘शेड्यूल वाय’मध्ये आणि त्यानंतर २०१९ च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांत, औषध वृद्धांच्या आजारासाठी असेल तर तिसऱ्या टप्प्यात त्यांचा अर्थपूर्ण संख्येने समावेश करावा, अशी तरतूद आहे. ‘अर्थपूर्ण’ म्हणजे किती, हे सांगितलेले नाही. नैतिकता समित्या संमतीपत्रातील प्रत्येक शब्द तपासतात. वयाच्या रकान्यातील वरचा आकडा का, असा प्रश्न विचारणे त्यांना बंधनकारक नाही. ब्रिटनमधील एका पाहणीत १९९७ मध्ये ४९० प्रकाशित अभ्यास तपासले असता त्यांपैकी १७० अभ्यासांनी वृद्धांना समर्थनीय कारणाशिवाय वगळल्याचे आढळले होते. मराठीत किंवा महाराष्ट्रातील चाचण्यांबाबत अशी पाहणी एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास सहज करता येईल. नोंदवही सर्वांना खुली आहे.

काही अडथळे कागदावरील मर्यादेहून अधिक चिवट असतात. निरक्षर सहभागीच्या संमतीच्या वेळी निःपक्ष साक्षीदार सतत हजर असावा लागतो. ही तरतूद योग्यच आहे, कारण या देशात गरिबांवर त्यांना न सांगता प्रयोग झाल्याच्या तक्रारी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या आहेत. पण परिणामी अंगठा देणाऱ्या वृद्धेपेक्षा सही करणारा तरुण संशोधकास सोयीचा ठरतो. त्यात ऐकू कमी येते, मोतीबिंदू असतो, एकाऐवजी चार आजार असतात. पाठपुराव्याच्या प्रत्येक भेटीस कोणीतरी सोबत यावे लागते. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांची जोडपी कोयता घेऊन गाव सोडतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या स्वाधीन केलेली नातवंडे. अशा घरातील आजीने महिन्यातून एकदा अंबाजोगाईस किंवा नांदेडला चाचणीच्या भेटीसाठी जावे ही अपेक्षाच अवास्तव आहे. एस.टी. फुकट असली तरी नातवाला कोणाच्या हाती द्यायचे?

‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो’ ही म्हण मराठीत सर्रास वापरली जाते. तिचा रोख काळाच्या सोकावण्याकडे असतो; पूर्वार्ध सर्वांनी गृहीत धरलेला असतो. वैद्यकीय संशोधनाने तो पूर्वार्ध तसाच गृहीत धरलेला दिसतो. वर्तमानपत्रातील निधनवार्तांमध्ये ‘वृद्धापकाळाने’ हा शब्द मृत्यूचे कारण म्हणून छापला जातो आणि वाचणाऱ्यास त्यात काही उणे वाटत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी घरोघर जाऊन मृत्यूंची कारणमीमांसा केली तेव्हा त्या ग्रामीण भागात पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण, सुमारे १४ टक्के, असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणी विचारले नसते तर त्यांतील कित्येक मृत्यू वृद्धापकाळाच्याच खात्यावर पडले असते.

विचारण्याची पद्धत महाराष्ट्रात नवी नाही. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत स्त्रियांच्या आजारांचा जो अभ्यास केला व जो १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वयाची अट फक्त खालच्या बाजूस होती : तेरा वर्षांपुढील सर्व स्त्रिया. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग आढळला. प्रजननाचे वय संपले म्हणून कोणाला दाराबाहेर ठेवले नव्हते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्राने वढू परिसरात पन्नाशीपुढील काही हजार ग्रामस्थांच्या आरोग्याचा व कार्यक्षमतेचा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पांतर्गत केला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. हे अभ्यास कोणत्याही विशेष यंत्रसामग्रीवर अवलंबून नव्हते. संशोधक रुग्णाच्या उंबरठ्यापर्यंत गेले, इतकेच.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचे संरक्षण देण्यात आले. ज्या वयाला अनेक चाचण्यांचे दार बंद होते त्याच वयाला सरकारी तिजोरीचे दार उघडले, असा याचा एक अर्थ. खर्च मोठा होणार आहे आणि तो कोणत्या पुराव्याच्या आधारे होणार, हा प्रश्न आता केवळ शास्त्रीय राहिलेला नाही. परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील पदव्युत्तर प्रबंधांचे विषय यथावकाश ठरतील आणि प्रत्येक आराखड्यात वयाचे ते दोन रकाने येतील.

दरम्यान उस्मानाबादच्या अभ्यासात २००० साली चाळीस वर्षांची असलेली स्त्री २०२५ मध्ये पासष्टची झाली. कर्करोग तपासणीच्या सरकारी वयोगटाचे वरचे टोक तिने गाठले आहे. त्या वेळी एकोणसाठची असलेली, म्हणजे अभ्यासात जेमतेम सामावलेली, आता हयात असेल तर चौऱ्याऐंशीच्या घरात आहे, आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळीची मात्रा तिच्या वयाच्या, तिच्या वजनाच्या, तिच्या मुलखातील कोणा स्त्रीवर तपासून ठरलेली नाही.